पुन्हा पायांवर!

शाळेतल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकात सांध्यांना मोठी घरगुती नावे असत. कोपर आणि गुडघा हे बिजागरीचे सांधे. खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे. दाराची बिजागरी एकाच रेषेत हलते, उखळीतला वाटोळा गोळा मात्र सर्व बाजूंना फिरतो, हे मुलांना फारसे समजावून सांगावे लागत नसे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे वाटोळे असते आणि ते कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसलेले असते. या एका सांध्याच्या जोरावर माणूस उभा राहतो, जिना चढतो, मांडी घालतो आणि देवापुढे वाकतो. साठ-सत्तर वर्षे ही उखळ बिनबोभाट काम करते, आणि मग एखाद्या दिवशी ओल्या फरशीवरून पाय घसरतो.

मुंबईचा भार हलका व्हावा म्हणून १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहू लागली. तिच्यातले खारघर हे त्यामानाने उशिरा वसलेले उपनगर. दादर-परळच्या दोन खोल्या सोडून पुष्कळ कुटुंबे इथल्या मोकळ्या हवेला आली. मुले तेव्हा शाळेत होती, आईवडील पन्नाशीत होते. आता ती मुले नोकरीला लागली आहेत आणि आईवडील काठीला आले आहेत. सेंट्रल पार्कात सकाळी फेरी मारावी, तर पावसाळ्यात पांडवकड्याला पाणी किती आले याच्या गप्पांबरोबर 'तुमचा गुडघा काय म्हणतो?' आणि 'त्यांचा खुबा कुठे केला?' हे प्रश्नही कानांवर येतात.

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. २००० साली पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, तेव्हा सारा देश वर्तमानपत्रातून ती हकीकत वाचत होता. आज प्रत्येक सोसायटीत असे दोन-चार सांधे हिंडताफिरताना दिसतात. परंतु एका गोष्टीविषयी आपण फारसे बोलत नाही. बसवलेला सांधा बिघडला तर काय? त्यात पू झाला, किंवा पुन्हा पडून त्याच्याभोवतीचे हाड मोडले, तर त्या सत्तरी-ऐंशीच्या माणसाने काय करावयाचे आणि घरच्यांनी काय ठरवावयाचे? या दुसऱ्या शस्त्रक्रियेची ओळख करून देणे, एवढाच या लेखाचा उद्देश.

हस्तिदंतापासून प्लॅस्टिकपर्यंत

कृत्रिम सांध्याचा इतिहास म्हणजे एका दृष्टीने बिघाडांचाच इतिहास आहे. १८९० च्या सुमारास बर्लिनमधील शल्यविशारद थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी हस्तिदंताचे सांधे घडवून रुग्णांना बसवले. कल्पना अचूक होती. पण त्यांचे पुष्कळसे रुग्ण क्षयाने सांधे सडलेले होते. जंतू आधीच आत होते, आणि त्यांनी त्या हस्तिदंताचा टिकाव लागू दिला नाही. म्हणजे कृत्रिम सांध्याचा पहिला शत्रू पहिल्याच दिवशी हजर होता!

पुढे १९४० साली अमेरिकेतील ऑस्टिन मूर आणि हॅरोल्ड बोलमन यांनी मांडीच्या हाडाचे वरचे टोक धातूचे करून बसवले. मूर यांच्या नावाचा तो गोळा पुढे जगभर गेला आणि आपल्याकडेही हजारो वृद्धांच्या खुब्यात बसला. आपल्या मुंबईचे डॉ. तळवलकर यांच्या नावाने ओळखला जाणारा दुहेरी गोळ्याचा सांधाही भारतातल्या शस्त्रक्रियागृहांत परिचित आहे.

आजच्या संपूर्ण खुब्याचे जनक मानले जातात ते इंग्लंडचे सर जॉन चार्नली. लँकेशायरमधील रायटिंग्टनच्या रुग्णालयात ते काम करीत. १९५८ च्या सुमारास त्यांनी टेफ्लॉनची वाटी आणि धातूचा गोळा अशी जोडी बसवण्यास सुरुवात केली. लंगडत आलेली माणसे चालत घरी गेली. सुमारे ३०० रुग्ण झाले, आणि मग एकेक जण परत येऊ लागला. टेफ्लॉन झिजत होते आणि त्याचा चुरा आजूबाजूचे हाड पोखरीत होता. तो चुरा शरीराला खरोखर बाधतो का, हे पाहण्यासाठी चार्नलींनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत घालून घेतले. ते त्यांनाही बाधले. मग त्यांनी त्या रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे काम स्वतःच अंगावर घेतले. दुसऱ्यांदा करावयाच्या शस्त्रक्रियेची परंपरा अशी सुरू झाली.

त्यानंतरची हकीकत तर मौजेची आहे. १९६२ साली एक विक्रेता यंत्रांच्या दातेरी चाकांसाठी वापरावयाचे नवे प्लॅस्टिक घेऊन आला. चार्नलींनी नखाने दाबून पाहिले आणि ते बाजूला टाकले. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन मात्र हट्टी निघाला. साहेब परगावी असताना त्याने तो तुकडा झिजवण्याच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र फिरले, तरी टेफ्लॉन एका दिवसात झिजे तेवढेही ते झिजले नाही! हेच ते पॉलिएथिलीन. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याची पहिली वाटी बसली, आणि आज सुधारलेल्या रूपात तेच प्लॅस्टिक जगभरच्या खुब्यांत आहे.

हा सांधा किती टिकतो? ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड या देशांत प्रत्येक बसवलेल्या सांध्याची नोंद ठेवतात. अशा नोंदींवरून २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हिशेब मांडला गेला, तो असा की १०० पैकी सुमारे ५८ खुबे २५ वर्षे टिकतात. सत्तरीत बसवलेला खुबा बहुधा माणसाला पुरून उरतो. पण 'बहुधा' या शब्दात सर्वच जण बसत नाहीत.

आतला पू

खुबा बदललेल्या शंभर जणांत एखाद-दुसऱ्याच्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो. चार्नलींच्या आरंभीच्या काळात हे प्रमाण सात-आठांवर होते. त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती काचघरासारखी बंदिस्त खोली उभारली, तीत गाळलेली हवा सोडली, शल्यविशारदांना सर्वांग झाकणारे पोशाख दिले. आणि हे प्रमाण एकाच्याही खाली उतरले. आकडा लहान आहे खरा, पण ज्याच्या वाट्याला तो येतो त्याला तो शंभर टक्केच असतो.

मुळात जंतू सांध्याला धरूनच का बसतात? शरीरातले हाड जिवंत असते. त्याला रक्त मिळते, आणि रक्ताबरोबर जंतूंशी लढणाऱ्या पेशी व औषधे येतात. धातू व प्लॅस्टिक निर्जीव. त्यांच्या पृष्ठभागावर जंतू पोहोचले, की ते स्वतःभोवती चिकट थर विणतात. तळ्याच्या पायरीवरचे शेवाळ आपण पाहतो ना, तसाच हा थर. वरून पाणी कितीही ओता, शेवाळ दगडाला धरून राहते. तद्वतच रक्तातून येणारे औषध या थराच्या तळापर्यंत पोहोचत नाही. गोळ्या चालू असेपर्यंत ठणका कमी होतो, बंद केल्या की पुन्हा उठतो. अँथनी ग्रिस्टिना या अमेरिकन संशोधकाने १९८७ साली याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटले होते. बसवलेल्या सांध्यावर आधी शरीराच्या पेशी पोहोचल्या तर सांधा आपला, आणि जंतू आधी पोहोचले तर त्यांचा!

जंतू दोन वाटांनी येतात. एक शस्त्रक्रियेच्या वेळीच. मग ते कित्येकदा महिनोन्महिने दबा धरून बसतात. दुसरी वाट रक्ताची. मधुमेही माणसाच्या पायाची चिघळलेली जखम, लघवीचा जुना संसर्ग, किडलेल्या दाढेचे गळू अशा कोठल्याही ठिकाणाहून जंतू रक्तात शिरून कित्येक वर्षांनीही सांध्यावर येऊन बसू शकतात. म्हणून सांधा बदललेल्या माणसाने दात, पाय आणि साखर या तिहींची काळजी घ्यावयाची असते.

लक्षणे पुष्कळदा साधीच असतात. शस्त्रक्रियेनंतर खुबा कधी दुखण्यावाचून राहिलाच नाही; किंवा वर्षभर चांगला चालून मग विसाव्याच्या वेळीही ठणकू लागला; जखमेतून पाणी झिरपत राहिले; बारीक कणकण येऊ लागली; कधी जुन्या व्रणाशेजारी भोक पडून पू वाहू लागला. रक्ताच्या दोन तपासण्या, क्ष-किरण चित्र, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुईने सांध्यातले पाणी काढून त्यात कोणता जंतू आहे हे पाहणे, अशी निदानाची रीत आहे.

आणि इथेच आपल्याकडे गाडे अडते. आपल्या घरोघरी जंतुनाशक गोळ्या हे एक खासगी दुकानच असते. मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या, शेजाऱ्यांनी सुचवलेल्या गोळ्या, औषधवाल्याने दिलेल्या गोळ्या! त्या पोटात गेल्या, की सांध्यातल्या पाण्यात जंतू सापडत नाही. जंतू असतो, पण झोपलेला असतो. एरवी ठीक असलेल्या रुग्णाची अशी औषधे डॉक्टर सुमारे दोन आठवडे बंद ठेवायला लावून मगच पाणी काढतात, ते यासाठी. शत्रू कोण हे कळल्यावाचून कोणते औषध द्यावयाचे हे ठरत नाही. म्हणून बदललेला सांधा दुखू लागला, तर पहिली गोळी घेण्याआधी ज्यांनी सांधा बसवला त्यांच्याकडे जावे, हा एक नियम वाचकांनी ध्यानात ठेवला तरी हा लेख सत्कारणी लागला असे म्हणता येईल.

दोन टप्प्यांचा प्रवास

संसर्ग पहिल्या काही आठवड्यांत ओळखता आला, तर सांधा जागीच ठेवून, आत धुऊन, सुटे होणारे भाग बदलून तो वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. उशीर झाला म्हणजे मात्र शेवाळ पक्के धरलेले असते. मग दगडच काढावा लागतो.

पूर्वी सांधा काढून जागा तशीच मोकळी ठेवीत. ऑक्सफर्डचे गर्डलस्टन यांच्या नावाने ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध आहे. पू थांबे, वेदनाही पुष्कळ कमी होई. पण पाय आखूड होई आणि आधारावाचून चालणे कठीण जाई. पुढे जर्मनीतील हँबुर्गचे बुखहोल्त्स यांनी १९७० च्या सुमारास एक नामी युक्ती काढली. सांधा हाडात बसवण्यासाठी जे सिमेंट वापरतात, त्यातच त्यांनी जंतुनाशक औषध कालवले. हे सिमेंट घर बांधण्याचे नव्हे. दंतवैद्य कवळीसाठी वापरतात त्या जातीचे प्लॅस्टिक आहे ते. रक्तातून जे औषध पोहोचत नाही, ते सिमेंटमधून थेट जागेवरच झिरपू लागले. जुना सांधा काढून त्याच बैठकीत नवा बसवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. योग्य रुग्ण निवडले तर आजही ती उपयोगी पडते.

पण जंतू हट्टी असला, किंवा कोणता ते कळत नसले, तर पुष्कळ शल्यविशारद दोन टप्प्यांनी जातात. पहिल्या टप्प्यात जुना सांधा, सिमेंट आणि सडलेला भाग काढून टाकतात आणि औषध कालवलेल्या सिमेंटचा एक तात्पुरता सांधा आत ठेवतात. त्यानंतर सुमारे सहा आठवडे शिरेतून व पोटातून औषधे चालतात. रक्त निवळले, जखम भरली, म्हणजे मग दुसऱ्या टप्प्यात कायमचा नवा सांधा. अनुभवी ठिकाणी दोन्ही टप्पे पुरे केलेल्या शंभरांपैकी ८५ ते ९० जणांचा संसर्ग जातो. मात्र काही रुग्ण दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाहीत. कोणाचे हृदय साथ देत नाही, कोणाचे मूत्रपिंड, तर कोणाचे मनच. हेही घरच्यांना आधी सांगितले गेले पाहिजे.

एका आजींची गोष्ट

आमच्या सोसायटीत एक आजी राहतात. वय शहात्तर. त्यांच्या परवानगीने ही हकीकत सांगतो. नावाची गरज नाही. न्हाणीघरात पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले आणि अर्धा सांधा बसवण्यात आला. आठ महिन्यांनी तो दुखू लागला. 'वय झालं, दुखायचंच,' असे म्हणत तीन महिने गेले. ज्याने त्याने गोळ्या सांगितल्या आणि आजींनी त्या घेतल्या. अखेर व्रणाशेजारी पुळी उठून फुटली, तेव्हा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे धाव घेण्यात आली. निदान ठरले, सांधा निघाला, सिमेंटचा तात्पुरता सांधा बसला आणि सहा आठवड्यांची औषधे सुरू झाली.

त्या सहा आठवड्यांत घर बदलून गेले. मुलगा बँकेत, सून शिक्षिका, नातू बारावीला. आजींच्या कुशीवर वळण्यापासून भांडे देण्यापर्यंत सर्व करणारी बाई ठेवली होती. पण रात्र घरच्यांचीच. आजींचे अन्न तुटले. एके दिवशी त्यांनी सांगून टाकले, "पुरे झालं आता. दुसरं ऑपरेशन नको. पडू दे मला अशीच."

मुलगा म्हणाला, "आई, तू सांगशील तसं करू. पण आधी डॉक्टरांशी बोल तरी."

डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र बाजूला ठेवले. "आजी," ते म्हणाले, "पाय किती वाकेल, किती लांब राहील ते मी नंतर सांगतो. बरं झाल्यावर तुम्हांला स्वतःचं स्वतः काय करता यायला हवं, ते मला आधी सांगा."

आजींनी फार विचार केला नाही. "रात्री कुणाला हाक न मारता उठून मोरीपर्यंत जायचंय. बाकी काही नको."

डॉक्टरांनी मग हातचे काही न राखता दोन्ही बाजू सांगितल्या. सांधा बसवला नाही तर काय, आणि बसवला तर कोणते धोके. आजींनी होकार दिला, पण तो 'तुम्ही म्हणता म्हणून' असा नव्हता. त्यांना त्यांची मोरी दिसत होती. दोन महिने प्रथिनांचा आहार, रक्त वाढवण्याची औषधे, साखरेवर लगाम, आणि मग दुसरा टप्पा पार पडला.

पण गोष्ट इथे संपली नाही. दीड वर्षाने आजी गॅलरीच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि सांध्याच्या दांड्याभोवती मांडीचे हाड मोडले. आता या प्रकारच्या मोडीविषयी थोडे.

दांड्याभोवतीची मोड

कृत्रिम खुब्याचा धातूचा दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत खोल बसलेला असतो. वयोमानाने हाड विरळ होते, धातू मात्र तसाच कणखर राहतो. पडल्यावर सारा झटका दांड्याच्या टोकापाशी एकवटतो आणि तिथे हाड तडकते. कॅनडातील व्हँकुव्हरच्या डंकन व मसरी या शल्यविशारदांनी १९९५ साली या मोडींची जी प्रतवारी मांडली, ती आज सर्वत्र वापरतात. तिचे मर्म घरच्या माणसालाही समजण्याजोगे आहे. हाड कोठे मोडले? दांडा घट्ट आहे की सैल झाला? आणि उरलेले हाड कसदार आहे की पोकळ?

दांडा घट्ट असेल तर पट्टी, स्क्रू आणि तारा यांनी हाड बांधून काम भागते. सैल असेल तर नुसती पट्टी लावणे म्हणजे हलत्या खांबाला रंग देण्यासारखे आहे. तिथे जुना दांडा काढून मोडीच्या पलीकडे पोहोचणारा लांब दांडा घालावा लागतो. आणि हाडच उरलेले नसेल, तर दुसऱ्या माणसाच्या हाडाची भर घालावी लागते.

दुसऱ्याचे हाड! ऐकून दचकायला होते खरे. पण परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ सालापासून ऊतींची पेढी आहे. शस्त्रक्रियांत काढलेली आणि दात्यांनी दिलेली हाडे तिथे तपासून, वाळवून, गॅमा किरणांनी जंतुरहित केली जातात. अणुशक्तीचे एवढे सौम्य आणि उपकारक रूप क्वचितच दिसते. खारघरच्या आपल्या टेकडीच्या कुशीत 'ॲक्ट्रेक' ही जी कर्करोगाची मोठी संस्था आहे, ती याच टाटा स्मारक केंद्राची. एखाद्याच्या खुब्यातून काढलेला हाडाचा गोळा, जो एरवी कचऱ्यात गेला असता, दुसऱ्या कोणाच्या मांडीत जाऊन भर घालतो. दानाचे हे प्रकार आपल्या पुराणांत नाहीत असे कोणी म्हणू नये. दधीची ऋषींनी हाडेच दिली होती!

आजींचा दांडा सैल निघाला. लांब दांडा बसला, तारा आवळल्या गेल्या. आज त्या वॉकर धरून चालतात. पाय इंचभर आखूड आहे, बुटाची टाच उंच करून घेतली आहे. जमिनीवर बसणे बंद. पूजा खुर्चीवर बसून होते. पण रात्री त्या कोणाला हाक मारीत नाहीत. जे ठरले होते ते त्यांनी मिळवले आहे.

कागद जपा

दुसऱ्या शस्त्रक्रियेचे आणखी एक कारण आहे. त्याचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही, कारण त्याचा इतिहास मुंबईतच घडला. डिप्यू या कंपनीचा 'एएसआर' नावाचा खुबा धातूवर धातू घासेल अशा बनावटीचा होता. पाच वर्षांच्या आतच त्यातील सुमारे १२ ते १३ टक्के खुबे पुन्हा काढावे लागतात, असे इंग्लंड व वेल्सच्या नोंदींवरून दिसून आले, आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत घेतला. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली. २०१७ साली केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि तिच्या अहवालानंतर नुकसानभरपाईचे सूत्र ठरले. परंतु बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागला नव्हता! कोणाच्या अंगात कोणता सांधा आहे याची नोंद सर्वत्र एकत्र नव्हती आणि घरोघरी कागद उरलेले नव्हते.

म्हणून सांधा बसवलेल्या प्रत्येकाने शस्त्रक्रियेची टिपणी आणि सांध्याच्या खोक्यावरचे चिकटपट्टीचे लेबल जपून ठेवावे. त्यावर बनावट, माप आणि अनुक्रमांक असतो. पुढे सांधा काढावयाची वेळ आली, तर कोणती हत्यारे आणि कोणत्या मापाचा गोळा लागेल, हे त्या चतकोर कागदावरून कळते. आपण दागिन्यांच्या पावत्या वर्षानुवर्षे सांभाळतो. अंगातल्या दागिन्याची पावती का टाकून द्यावी?

खर्चाचाही विचार आधी करावा. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून लांब चालते, रक्त अधिक लागते, साहित्य महाग असते आणि रुग्णालयातला मुक्कामही मोठा असतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांना किमतीची कमाल मर्यादा घातली. त्या आदेशात खुबा नव्हता. तेव्हा अंदाजपत्रक लेखी मागून घ्यावे, आणि विमा असल्यास दोन्ही टप्पे त्यात बसतात का ते विचारून घ्यावे. अशा शस्त्रक्रिया वर्षाला किती करता, हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात अपमान काही नाही. चांगला डॉक्टर त्या प्रश्नाने रागावत नाही.

करावे की न करावे?

इतक्या वयात हे सारे कशाला, असे पुष्कळांना वाटते. वय हा एकच निकष नव्हे. इंग्लंडच्या राजमातेचा एक खुबा ९५ व्या वर्षी बदलला, ९७ व्या वर्षी पडून दुसरा मोडला आणि त्याचीही शस्त्रक्रिया झाली. त्या १०१ वर्षे जगल्या. त्यांच्या दिमतीला राजवाडा होता हे खरे. पण अंथरुणाला खिळणे हे काही सुरक्षित ठिकाण नव्हे. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी चार-पाचांतला एक जण वर्षाच्या आत दगावतो, असे पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्या सांगतात. म्हणून मोडलेल्या हाडाची शस्त्रक्रिया शक्य तितकी लवकर करतात.

उलट बाजूही आहे. ज्यांची स्मृती गेली आहे, ज्यांचे हृदय थकले आहे, जे आधीपासूनच चालत नव्हते, त्यांच्या बाबतीत पू थांबवून वेदना कमी करणे आणि नवा सांधा न बसवणे हाही शहाणपणाचा, ममतेचा निर्णय असतो. मुलांनी त्यासाठी स्वतःला अपराधी मानू नये. आणि शेजाऱ्यांनीही त्यांना तसे मानू नये! फक्त निर्णय घेताना ज्याचा पाय आहे त्याला विचारावयास विसरू नये. आपल्या घरांत वृद्धांवर प्रेम पुष्कळ असते, पण त्यांना प्रश्न विचारण्याची सवय थोडी.

शेवटी, सर्वांत स्वस्त शस्त्रक्रिया म्हणजे न पडणे. आता दिवाळी आली. माळ्यावरचे डबे काढायला आजोबा स्टुलावर चढतील, त्यांना उतरवा. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंधारात अभ्यंगस्नान होईल. तेल आणि उटणे यांनी न्हाणीघराची फरशी निसरडी होते, तेव्हा प्रत्येकाच्या आंघोळीनंतर ती घासून काढा. वृद्धांना शेवटी न घालता पहिल्यांदा घाला. बसायला पाटाऐवजी रबरी पायांचे स्टूल द्या आणि भिंतीला धरायला एक कडी ठोकून घ्या. दिवे तर आपण लावणारच आहोत. त्यांतला एक न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर जळता राहू द्यावा.